आकाश पांढरंफटक आणि जमीन काळीकुट्ट? असा फोटो एडिट कसा करायचा

डोंगरावर उभे असताना ढगही दिसत होते आणि समोरचं गवतही, पण स्क्रीनवर फोटो उघडला की एकतर आकाश जळलेलं नाहीतर जमीन काळीकुट्ट. यात कॅमेरा बिघडलेला नसतो. डोळा जिकडे बघेल तिकडच्या उजेडाशी लगेच जुळवून घेतो आणि मेंदू त्याचं एकच चित्र करतो, कॅमेऱ्याला मात्र अख्ख्या फ्रेमसाठी एकच एक्सपोजर, म्हणजे उजेडाचं एकच माप, मिळतं. हे दुखणं फार जुनं आहे बरं का, १८५० च्या दशकात गुस्ताव ल ग्रे नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन वेगळ्या निगेटिव्ह वापरून एक प्रिंट काढले होते, कारण तेव्हाच्या प्लेटवर आकाश हमखास जास्त एक्सपोज व्हायचं. आज आपण मास्क लावून, म्हणजे फोटोचा एकच भाग निवडून त्यावर बदल करून, जे करतो ते त्याचंच पुढचं रूप.

स्लायडरला हात लावायच्या आधी एक ठरवा, या फोटोत काय काळं राहणार आहे. हे मी मुद्दाम सगळ्यात आधी सांगतोय. असे फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा शॅडो, म्हणजे अंधारे भाग, पूर्ण उघडल्यामुळे (उजळल्यामुळे), मग आकाश आणि जमीन एकाच उजेडात आल्यासारखे दिसतात आणि संध्याकाळची संध्याकाळच निघून जाते. वाट दिसायला हवी का? मग वाट उघडा. बाजूचं दाट झाडीचं टोक काळं राहिलं तर राहू दे.

फाइल शक्यतो रॉ घ्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिट रॉमध्ये ४०९६ आणि १४ बिटमध्ये १६३८४, त्यामुळे अंधार वर ओढताना जेपेगमध्ये पट्टे आणि डाग लवकर दिसायला लागतात. जेपेगच असेल तरी एडिट होतं, फक्त हात हलका ठेवायचा.

आता हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड किती आहे ते दाखवणारा आलेख. डाव्या आणि उजव्या दोन्ही कडांना ढीग लागलेला असेल तर फोटो दोन्हीकडून ताणलेला आहे. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये डेव्हलप मोड्युलला कीबोर्डवरची J ही की दाबली की जळलेला भाग लाल आणि पूर्ण काळा झालेला भाग निळा दिसतो. लालचा छोटा ठिपका सूर्याच्या जागी असेल तर सोडून द्या, सूर्य पांढराच असतो.

मग पूर्ण फोटोवरचं काम, आणि ते थोडंच करायचं. आधी एक्सपोजर असं लावा की ना आकाश बरोबर ना जमीन बरोबर, दोघांच्या मधलं काहीतरी. हायलाइट्स (उजळ भाग) खाली आणा, ढगांचा आकार परत येईपर्यंत. शॅडोज वर न्या पण निम्म्याच्या पुढे जायची घाई नको. ब्लॅक्स मात्र किंचित खाली ओढा, आल्ट धरून ओढलं तर कुठे पूर्ण काळं होतंय ते दिसतं, मॅकवर ऑप्शन. ही शेवटची गोष्ट बरेच जण विसरतात आणि मग फोटोवर राखाडी पडदा पडल्यासारखा वाटतो, शॅडो उघडल्यावर कुठेतरी खरा काळा रंग उरलाच पाहिजे.

खरं काम मास्कमध्ये आहे. सिलेक्ट स्काय या मास्कने आकाश वेगळं करा आणि त्याचं एक्सपोजर थोडं उतरवा. क्षितिज सपाट असेल, समुद्र किंवा मोकळं माळरान, तर साधा लिनियर ग्रेडियंट, म्हणजे एका बाजूने हळूहळू विरत जाणारा मास्क, जास्त नैसर्गिक दिसतो. डोंगराचं टोक किंवा झाड आकाशात घुसलेलं असेल तर ग्रेडियंट त्यांनाही काळं करतो, तेव्हा त्या मास्कमधून ल्युमिनन्स रेंज (उजेडाच्या पातळीनुसार निवड) वापरून अंधारे भाग वजा करायचे. लाइटरूमऐवजी डार्कटेबल हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर टोन इक्वलायझर बघाच, प्रत्येक उजेडाच्या पातळीला वेगळं वर-खाली करता येतं आणि बारीक डिटेल्स सपाट होत नाहीत. आणि स्वच्छ आकाश क्षितिजाजवळ फिकट आणि वर गडद असतं, ते उलटं होऊ देऊ नका.

फ्रेममध्ये पाणी असेल तर अजून एक तपासा. पाण्यातलं प्रतिबिंब त्याच आकाशापेक्षा उजळ कधीच नसतं. आकाश खूप उतरवलं आणि तळं तसंच चमकत ठेवलं की बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो.

जमिनीचा मास्क वेगळा घ्या. सावलीतल्या भागावर निळ्या आकाशाचाच उजेड पडत असतो, म्हणून ती उघडली की निळसर दिसते, तिथे टेंपरेचर जरासं पिवळ्याकडे न्या. हिरवा रंग भडकला तर सॅच्युरेशन कमी करा. नॉइज (दाणेदारपणा) दिसेलच, त्याच मास्कमध्ये नॉइज रिडक्शन द्या, पूर्ण फोटोला देऊन चांगल्या भागाची धार घालवू नका.

त्यानंतर १०० टक्के झूम करून डोंगराच्या कडेवरून सावकाश फिरा. कडेला पांढरी झालर दिसली तर तो हेलो, आणि एकदा दिसला की नजर तिथेच अडकते. क्लॅरिटी आणि डीहेझ हे स्लायडर आणि आकाशाचा मास्क, तिघांनाही थोडं मागे घ्या, मास्कची कड ब्रशने नीट करा. ढगांचा थोडा नाटकीपणा कमी झाला तरी चालेल, झालर नको.

आकाश पूर्णच जळलं असेल तर? लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंगांचे चॅनल संपले असतील तर तिथे माहितीच नाही, हायलाइट्स कितीही ओढा, फक्त मळकट राखाडी मिळेल. तसं आकाश पांढरंच ठेवा, क्रॉप करून कमी करा, फोटो जमिनीचा होऊ द्या. पुढच्या वेळी अशा उजेडात ट्रायपॉड लावून -२, ० आणि +२ एक्सपोजरचे तीन फोटो घ्या आणि एचडीआर मर्ज करा, म्हणजे तिन्हींचा एक फोटो बनवा, वारा असेल तर मात्र पानं तिन्हींत वेगळ्या जागी असतात, तेव्हा डीघोस्ट (हललेल्या गोष्टींची दुहेरी छाया काढणारं सेटिंग) चालू ठेवायचं, नाहीतर ढग जपतील एवढं कमी एक्सपोजर देऊन एकच रॉ घ्यायची आणि जमीन वर सांगितल्यासारखी उघडायची.