मुलाला ‘हट्टी’ म्हणण्याआधी या चुका टाळा

“बाई, लई हट्टी हाय ह्यो. तुम्हीच कायतरी करा.”

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या बालवाडीच्या दारात दर जूनमध्ये हे वाक्य ऐकते. गेली 22 वर्षं. पोरगं असतं जेमतेम तीन वर्षांचं, आईच्या ओढणीचं टोक तोंडात धरून उभं. त्याच्यासमोरच त्याचं बारसं उरकलं जातं: हट्टी, रडवा, हावरा, खोटारडा. या बारशाचा मला मनापासून राग येतो. मूल कसं वागतंय ते सगळे सांगतात. त्याचं वय काय आणि त्या वागण्यावर आजवर घरातून काय मिळत आलं, हे सांगणारं क्वचित भेटतं. नेमक्या याच दोन गोष्टी मला हव्या असतात.

वय न बघता अर्थ लावणं

एका घरी गेले होते. दोघं भाऊ, एक सात वर्षांचा, एक चार. आजीनं गंगावेशीतून आणलेलं दूध तापवून दोघांना दिलं. थोरल्याला उभ्या पेल्यात, धाकट्याला पसरट वाटीत. धाकट्यानं भोकाड पसरलं, “दादाला जास्त!” वडिलांनी पेल्यातलं दूध तसल्याच दुसऱ्या वाटीत ओतून दाखवलं. दोन्हीकडं सारखं. पोरगं गप्प झालं. मग ते दूध परत पेल्यात ओतलं, आणि पोरगं पुन्हा रडायला लागलं. वडिलांचा हात उठला. “बघितलंसा बाई? डोळ्यानं बघून बी खोटं रडतंय. हावरट हाय.”

ते खोटं रडत नव्हतं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी नेमका हाच प्रयोग लहान मुलांवर करून बघितला होता. साधारण दोन ते सात या वयात मूल एका वेळी एकाच गोष्टीवरून अंदाज बांधतं. पेल्यातली पातळी उंच, म्हणजे दूध जास्त. रुंदी त्याच्या हिशेबात येत नाही, आणि ओतलेलं परत ओतलं की तेवढंच भरतं हेही त्याच्या मनात अजून पक्कं झालेलं नसतं. ही समज सहा-सात वर्षांच्या आसपास येते. थोरल्याला ती आली होती, म्हणून तो “येडा हाय ह्यो” म्हणून हसत होता.

मी त्या आजींना एवढंच सांगितलं, दोन सारखी फुलपात्रं घ्या आणि धाकट्यालाच ओतू द्या. सांडेल थोडं, पुसा. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळचं रडणं थांबलं. काही पालक मात्र चार वर्षांच्या मुलाकडून “सारखंच आहे” हे घोकून घेतात आणि शिकला म्हणून खूश होतात. पाठांतर म्हणजे समज नव्हे. या घाईचा मला फार त्रास होतो.

‘खोटारडा’चंही तेच. माझ्या मनात जे आहे ते समोरच्याला ठाऊक असेलच असं नाही, ही समज चौथ्या वर्षाच्या आसपास पक्की होते, आणि समोरच्याला पटेल अशी थाप तिच्याच पाठोपाठ येते. मी उत्तर माहीत असलेला प्रश्न मुलाला विचारतच नाही. “कुणी सांडलं?” ऐवजी “पाणी सांडलंय, फडकं आण.” थाप मारायची वेळच येत नाही.

दोन वर्षांच्या मुलानं खेळणं वाटून घ्यावं, ही अपेक्षाच सोडा.

कधी नाही, कधी हो

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते. साडेतीन वर्षांची एक मुलगी, रोज संध्याकाळी घरच्यांबरोबर रंकाळ्यावर. फुगेवाला दिसला की “फुगा.” वडील “नाही.” ती रडते, “नाही.” ती जमिनीवर बसते, लोक बघायला लागतात, आणि वडील खिशात हात घालतात. रोज नाही, तीन-चार दिवसांतून एकदा.

रोज फुगा मिळाला असता तर परवडलं असतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरं आणि उंदरांवर हे दाखवून दिलं होतं: अधूनमधून, कधी मिळेल याचा नेम नसताना मिळणारं बक्षीस ज्या वागण्याला मिळतं, ते वागणं सगळ्यांत चिवट होतं. आज नाही मिळालं तर उद्या मिळेल, आणखी थोडं रडलं तर मिळेल. मुलीनं हे गणित बरोबर सोडवलं होतं. चूक गणित घालणाऱ्यांची होती.

मी सांगितलं, फुग्याचा वार रविवार. बाकीच्या दिवशी नाही म्हणजे नाही. आणि बजावलं होतं, आधी रडणं वाढेल, मगच कमी होईल. जे मिळत होतं ते बंद झालं की मूल आधी जास्त जोर लावतं. तिसऱ्या दिवशी ती ओकेपर्यंत रडली. आजीनं फुगा घेऊन दिला आणि रात्री मला फोन केला, “तुमचं ऐकलं आणि पोर आजारी पडायची पाळी आली.” त्या एका फुग्यानं ती शिकली की ओकेपर्यंत रडायचं.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा सुरुवात केली. या वेळी आजीला आधी समजावलं. रडताना मुलीला एकटं सोडायचं नाही, शेजारी बसायचं, पाठीवर हात ठेवायचा. फक्त फुगा द्यायचा नाही. दोन आठवड्यांनी ती फुगेवाल्यासमोर थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि वडिलांना विचारलं, “आज फुग्याचा वार आहे का?”

शेवटी ‘हो’च म्हणणार असाल तर पहिल्याच वेळी म्हणा. ‘आठ दिवसांत हट्ट घालवा’ असल्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका. तीन दिवस करून बघितलं, फरक नाही, असं म्हणणाऱ्यांनी नेमक्या अवघड वेळी हात टेकलेले असतात. रडणाऱ्या पोराच्या हातात मोबाइल देणारेही त्यातलेच.

“मारू नको” म्हणत चापट मारणं तर थांबवाच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरांनी 1961 मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या मुलांसमोर मोठ्या माणसाला बाहुल्याला बडवायला लावलं. मुलांनी पुढं तसंच बडवलं, तेच शब्द वापरून. आपल्याकडं आजोबांच्या मांडीवर बसून कुस्ती बघणारं पोर न शिकवता शड्डू ठोकतं, तसंच हे.

“वय आहे” म्हणून सगळंच सोडून देणं

ही उलटी चूक. “मुलगा हाय, उशिरा बोलंल” हे ऐकून वाया गेलेली वर्षं मी पाहिली आहेत. वर्षाचं मूल नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, सोळा महिन्यांचं होऊनही एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं झालं तरी स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कानांची तपासणी करून घ्या. येत असलेलं बोलणं कुठल्याही वयात बंद पडलं, तर त्याच आठवड्यात जा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांनाही विचारता येतं. जाताना मूल कधी बसलं, कधी चाललं, पहिला शब्द कुठला, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टरांसमोर आठवत नाही.