जाहिरात चालू करायच्या आधी कुकीची पट्टी नीट लावा

गणपती-दिवाळीचा सीझन आला की बेळगाव, निपाणी, खानापूरकडची बरीच दुकानं आता फेसबुक, इन्स्टा आणि गुगलवर जाहिराती चालवतात, साडी म्हणा, कुंदा म्हणा, अथणीकडच्या चपला म्हणा, आणि जाहिरात आली की वेबसाईटवर पिक्सेल आला, गुगलचा टॅग आला (म्हणजे साईटवर कोण काय बघतंय ते फेसबुकला, गुगलला कळवणारे कोडचे तुकडे), मग कोणतरी सांगतं की अहो कुकीची (साईट गिऱ्हाईकाच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीची) नोटीस लावा. मग काय, एक फुकटचं प्लगइन (साईटला जोडायचं तयार सॉफ्टवेअर) टाकायचं, खाली काळी पट्टी येते "आम्ही कुकीज वापरतो, ओके", झालं काम. तसं होत नाही ओ. बहुतेक साईटवर ती पट्टी दिसायच्या आधीच पिक्सेल चालून गेलेला असतो, म्हणजे पट्टी नुसती शोभेची. खरं काम पट्टीचं नाहीच, समोरचा होय म्हणेपर्यंत टॅग थांबवून ठेवायचं आहे, आणि ते कसं करायचं ते इथं लिहितोय.

आधी तुम्हाला हे लागतं का ते बघा. नुसतं व्हॉट्सॲप आणि इन्स्टावर धंदा चालतोय, स्वतःची साईट नाही, तर हे सगळं सोडून द्या. साईट आहे पण तिच्यात पिक्सेल, ॲनालिटिक्स (कुठलं पान किती बघितलं ते मोजणारं साधन) काही नाही, फक्त लॉगिन आणि कार्टच्या कुकीज आहेत, तर त्याला होय-नको विचारत बसायची गरज नाही, प्रायव्हसी पॉलिसीत दोन ओळी लिहा आणि पुढं चला. पिक्सेल किंवा गुगल ॲड्सचा टॅग असेल तर मात्र पुढचं सगळं वाचा.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ ला झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि धंदेवाल्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू. कायद्यात कुकी हा शब्द कुठंच नाही, पण ज्यातून माणूस ओळखता येतो अशी माहिती घ्यायची तर संमती मोकळेपणानं दिलेली, नेमक्या कामासाठी, समजून-उमजून आणि स्वतःहून कृती करून दिलेली पाहिजे असं लिहिलंय, त्यामुळं जाहिरातीच्या कुकीज त्यात येतात असंच धरून चाललेलं बरं. अडीचशे कोटींचा दंड बसेल म्हणून घाबरवून पॅकेज विकणारे फोन येतात, तो आकडा कमाल मर्यादेचा आहे आणि माहिती सुरक्षित ठेवायची काळजी न घेतल्याबद्दलचा आहे, पट्टी चुकली म्हणून लगेच बसणारा नाही. तुम्ही मुद्दाम जर्मनी, फ्रान्सला माल पाठवत असाल, तिकडं जाहिरात लावत असाल, तर जीडीपीआर, म्हणजे युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा, पण बघावा लागतो. दिवाळीचा फराळ बाहेरच्या पाहुण्यांना पाठवणारे इकडं कमी नाहीत, त्यांनी हे मनावर घ्या.

आता कामाला लागू. क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडा, साईट टाका, कशालाही हात लावू नका, एफ१२ दाबा, बाजूला जी खिडकी उघडते तिच्यात ॲप्लिकेशनमध्ये जाऊन कुकीज बघा. नावाच्या सुरवातीला अंडरस्कोर असलेला 'जीए' दिसला तर गुगल ॲनालिटिक्स, 'एफबीपी' दिसला तर मेटाचा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीचा पिक्सेल, 'जीसीएल' नं सुरू होणारा दिसला तर गुगल ॲड्स. होय म्हणायच्या आधीच हे तिथं बसलेले असतील तर तुमची पट्टी खोटी आहे. ही यादी कागदावर उतरून काढा, आणि कशाचा काय उपयोग ते मालकाला विचारा. दोन वर्षांमागं काम सोडून गेलेल्या एजन्सीचा पिक्सेल अजून चालूच, आणि मालकाला पत्ताच नाही, असं बघायला मिळतं. तो आधी काढा, ज्याचा उपयोग नाही त्याची परवानगी मागायचीच कशाला.

उरलेल्यांचे तीन गट करा. आवश्यक, मोजमाप आणि जाहिरात. आवश्यकमध्ये कार्ट, लॉगिन, पेमेंट आणि माणसानं पट्टीवर काय दाबलं ते लक्षात ठेवणारी कुकी, एवढंच. पिक्सेल आवश्यकमध्ये ढकलायचा मोह होतो, "आमच्या धंद्याला आवश्यकच आहे की" म्हणून, पण आवश्यक म्हणजे गिऱ्हाईकाला आवश्यक, आपल्याला नव्हे.

मजकूर हा भाग लोक सगळ्यात घाईत उरकतात आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. प्लगइनमधला इंग्रजी मजकूर भाषांतर करून टाकला की "आपला ब्राउझिंग अनुभव वर्धित करण्यासाठी" असलं काहीतरी येतं, ते कोण वाचणार. साडीच्या दुकानासाठी मी असं लिहीन: "कार्ट आणि पेमेंट चालण्यासाठी काही कुकीज लागतात, त्या चालूच राहतील. तुम्ही होय म्हणालात तरच आम्ही आणखी दोन गोष्टी करू: कुठलं पान किती बघितलं जातं ते गुगल ॲनालिटिक्सनं मोजू, आणि तुम्ही बघितलेल्या साड्यांची जाहिरात फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गुगलवर तुम्हाला परत दाखवू. नको म्हणालात तरी खरेदी करता येईल. नंतर मत बदललं तर पानाच्या तळाशी 'कुकी सेटिंग' मध्ये बदला." खाली तीन बटणं, 'होय, चालेल', 'नको' आणि 'स्वतः निवडा'. बास. माहिती कोणाकडं जाते त्यांची नावं लिहा, 'आमचे भागीदार' असं मोघम नको.

भाषेचं आपल्याकडं जरा जास्तच बघावं लागतं. शहापूर-वडगावच्या साडीचं गिऱ्हाईक मराठीतही वाचतं, कन्नडमध्येही, गोव्याकडचं कोणी इंग्रजीतच बघतं. कायद्यानं नोटीस इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत बघायचा पर्याय माणसाला द्यायचा आहे, मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू सगळ्या त्यात आहेत. (कर्नाटकात दुकानाच्या पाटीला ६० टक्के कन्नडचा नियम आहे, कुकीच्या पट्टीला नाही, हे पण एकानं विचारलं होतं.) निदान मराठी, कन्नड, इंग्रजी या तीन तरी करा, पान ज्या भाषेत उघडलंय त्याच भाषेत पट्टी येऊ दे आणि बाजूला भाषा बदलायची सोय ठेवा. कन्नड मजकूर मशीनकडून नको, दुकानात कन्नड बोलणारं कोणतरी असतंच, त्यांना मराठी वाचून दाखवा आणि त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि कन्नड आणि देवनागरी दोन्ही लिपी उंचीला जास्त जागा खातात, इंग्रजीवर डिझाइन केलेल्या बटणात 'स्वतः निवडा' ची वेलांटी वरून कापली जाते आणि छोट्या फोनवर तिसरं बटण स्क्रीनच्या खाली जातं, ते हातात फोन घेऊन बघा, लॅपटॉपवर कळत नाही.

बटणांबद्दल मालकाशी हमखास वाद होतो. "अहो एवढं विचारलं तर कोण होय म्हणणार, नको चं बटण जरा बारीक करा की." करू नका. होय आणि नको एकाच मापाचे, एकाच ओळीत, सारख्याच रंगात. फ्रान्सच्या नियामकानं गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड लावला तो ह्याचसाठी, होय एका दाबात व्हायचं आणि नको म्हणायला जास्त वेळा दाबावं लागायचं. आधीच टिक मारून ठेवलेले चौकोन पण नको, युरोपच्या न्यायालयानं २०१९ लाच सांगितलंय की ती संमती धरता येत नाही. आणि नको म्हटलं की साईटच बंद करणं म्हणजे दुकानात शिरलेल्या माणसामागं शटर ओढल्यासारखं आहे, त्यातनं घेतलेला होय काही कामाचा नाही.

आता टॅग थांबवायचं. गुगल टॅग मॅनेजर (साईटवरचे सगळे टॅग एका जागेवरून सांभाळायचं गुगलचं साधन) वापरत असाल तर सोपं आहे. कुकीयेस, कुकीबॉट, कॉम्प्लायन्झ असं एखादं संमतीचं टूल घ्या आणि त्याचा टॅग 'कन्सेंट इनिशियलायझेशन' ह्या ट्रिगरवर (टॅग कधी चालायचा ते ठरवणाऱ्या अटीवर) लावा, हा ट्रिगर बाकी सगळ्यांच्या आधी चालतो. त्यात चार गोष्टींची सुरवातीची स्थिती 'डिनाइड', म्हणजे 'नको', ठेवायची: ॲड स्टोरेज (जाहिरातीच्या कुकीज), ॲनालिटिक्स स्टोरेज (मोजमापाच्या कुकीज), ॲड युजर डेटा (जाहिरातीसाठी माणसाची माहिती गुगलला देणं) आणि ॲड पर्सनलायझेशन (माणूस बघून जाहिरात दाखवणं). शेवटच्या दोन नंतर वाढल्या, मार्च २०२४ पासून युरोपातल्या लोकांसाठी गुगल चारही मागतं, जुन्या प्लगइनमध्ये दोनच असतात ते तपासा. 'वेट फॉर अपडेट' ला (संमतीच्या टूलची टॅगनं किती वेळ वाट बघायची त्याला) ५०० मिलिसेकंद ठेवतात सहसा, जांबोटी-कणकुंबीकडं रेंज जाते तिथं टूल तेवढ्यात उघडणार पण नाही, पण सुरवात डिनाइडनं केलेली असेल तर काही बिघडत नाही, उशिरा विचारलं जाईल एवढंच.

गुगलचे टॅग ही स्थिती स्वतःहून पाळतात, मेटाचा पिक्सेल पाळत नाही, आणि लोक इथंच फसतात. टॅग मॅनेजरमध्ये पिक्सेलच्या टॅगच्या कन्सेंट सेटिंगमध्ये जाऊन जादा संमती लागते असं निवडा आणि ॲड स्टोरेज लिहा. मग दुसरी अडचण, पिक्सेल पान उघडताना चालायला बघतो, तेव्हा संमती नसते म्हणून थांबतो, आणि माणसानं नंतर होय दाबलं तरी परत उठत नाही, पुढचं पान उघडेपर्यंत गप्प. त्यासाठी संमती बदलल्यावर तुमचं टूल जो इव्हेंट (इशारा) पाठवतं त्याच्यावर पण एक ट्रिगर लावा, इव्हेंटचं नाव प्रत्येक टूलचं वेगळं असतं, त्यांच्या मदत पानावर मिळतं. पिक्सेल थेट थीमच्या कोडमध्ये चिकटवलेला असेल तर तो काढून टॅग मॅनेजरमध्ये घ्या, आणि त्याच्या खालचा 'नोस्क्रिप्ट' वाला (ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद असताना चालणारा) तुकडा पण काढा, तो कोणालाच विचारत नाही. शिवाय साईट सर्व्हरवरून मेटाला कन्व्हर्जन (जाहिरातीतून झालेल्या ऑर्डरची नोंद) पाठवत असेल, बऱ्याच दुकानांच्या प्लगइनमध्ये ते आपोआप चालू असतं, तर ब्राउझरमध्ये नको म्हटलेल्या माणसाची ऑर्डर मागच्या दारानं जातेच, ते पण संमतीला जोडा नाहीतर बंद करा.

गुगलच्या कन्सेंट मोडमध्ये (वरच्या होय-नकोच्या व्यवस्थेचं हे नाव) बेसिक आणि ॲडव्हान्स्ड असे दोन प्रकार आहेत. ॲडव्हान्स्डमध्ये नको म्हटलं तरी कुकीशिवाय छोटा सिग्नल जातो आणि गुगल त्यावरून अंदाज बांधून कन्व्हर्जन भरून काढतं. ऐकायला भारी वाटतं, पण गुगल ॲड्समध्ये त्या अंदाजासाठी एका देशातून ७ दिवसांत ७०० जाहिरात क्लिक लागतात. निपाणीच्या दुकानाला जर्मनीतून तेवढे क्लिक कुठून येणार. माझं मत, छोट्या धंद्यानं बेसिक ठेवावं, म्हणजे गुगलच्या टॅगलाही पिक्सेलसारखीच जादा संमती आणि ट्रिगर लावायचा, होय म्हणेपर्यंत काहीच चालत नाही, समजायला आणि समजावायला सोपं.

तपासताना जाहिरातीतूनच या. इन्स्टावर जाहिरात दाबली की साईट इन्स्टाच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, त्याच्या कुकीज क्रोमपासून वेगळ्या, म्हणजे क्रोममध्ये होय दाबलेल्या माणसाला तिथं पट्टी परत दिसणार आणि दिसायलाच पाहिजे. त्या आतल्या खिडकीत वर-खाली इन्स्टाचे स्वतःचे पट्टे असतात, त्यांच्याखाली बटणं दबतात का बघा. मग लॅपटॉपवर नेटवर्क टॅब उघडून गुगलच्या 'कलेक्ट' विनंतीत जीसीएस शोधा, त्यात जाहिरात आणि मोजमाप या दोन्हींची संमती लिहिलेली असते, जी१०० म्हणजे दोन्ही नको (हे ॲडव्हान्स्डमध्येच दिसतं, बेसिकमध्ये नको म्हटलं की ही विनंती जातच नाही), जी१११ म्हणजे दोन्ही होय. नको दाबून चार पानं फिरा, फेसबुककडं एकही विनंती जायला नको.

होय म्हणणं एका दाबात आहे तर मागं घेणंही तितकंच सोपं पाहिजे, म्हणून तळाशी 'कुकी सेटिंग' ची लिंक प्रत्येक पानावर ठेवा, आणि मागं घेतल्यावर आधीच्या कुकीज पुसल्या जातात का बघा, बऱ्याच टूलमध्ये ते वेगळं चालू करावं लागतं. कोणी कधी कुठल्या मजकुरावर होय म्हटलं त्याची नोंद टूलमध्ये राहू दे. नको म्हटलेल्याला दर पानावर परत विचारू नका, सहा महिने तरी सोडा.

टिळकवाडीतल्या क्लासवाल्यांसाठी वेगळं सांगतो. आपल्या कायद्यात १८ च्या खालचं प्रत्येक जण मूल, त्यांच्यावर नजर ठेवून जाहिरात दाखवायला मनाई आहे, म्हणून नीट-जेईईच्या जाहिराती पालकांसाठी लावा आणि विद्यार्थी लॉगिन करतात त्या पानांवर पिक्सेल ठेवूच नका. आणि फॉर्ममध्ये घेतलेल्या नंबरवर व्हॉट्सॲप पाठवायचं तर त्याची परवानगी फॉर्मातच वेगळी घ्या, कुकीच्या होय मध्ये ते येत नाही.

हे सगळं लावलं की रिपोर्टमधले आकडे पडणार, मालकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन येतो की जाहिरात बंद पडली काय. विक्री पडलेली नसते, मोजणं कमी झालेलं असतं. ताळा घ्यायला प्रत्येक जाहिरातीला वेगळा कूपन कोड द्या, इन्स्टाला एक, गुगलला एक, आणि ऑर्डरच्या वहीत मोजा, शिवाय व्हॉट्सॲपवर येणाऱ्यांना "कुठं बघितलं?" विचारा.

साईट फास्ट करणारं कॅशचं प्लगइन असेल तर त्याच्यात जावास्क्रिप्ट उशिरा चालवायची सेटिंग असते, ती संमतीच्या टूललाच मागं ढकलते आणि पिक्सेल पुढं निघून जातो. त्या यादीतून संमतीचं टूल वगळा, आणि प्लगइन अपडेट झालं की इन्कॉग्निटो उघडून कुकीजची यादी परत एकदा बघा.