कुत्रा आणण्याआधी पंधरा दिवसांची तालीम

फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणं झेपेल का, हे घरात चर्चा करून ठरत नाही. त्यासाठी कुत्रा नसतानाच त्याचं वेळापत्रक पंधरा दिवस पाळून बघा. सकाळी सहाला अर्धा तास बाहेर चालायचं, संध्याकाळी सातला पुन्हा अर्धा तास, रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं खाली. पाऊस असो, पाहुणे असोत, रविवार असो, फेरी चुकवायची नाही. जो खाली गेला त्याचं नाव कॅलेंडरवर लिहा. शेवटी नावं मोजा. मुलांनी कितीही शब्द दिलेला असला तरी बहुतेक घरांत एकाच मोठ्या माणसाचं नाव पुन्हापुन्हा दिसतं. निर्णय त्या माणसाचा. तो नको म्हणत असेल तर विषय तिथेच थांबवा.

नोकरी करणारं जोडपं असेल आणि दिवसभर घराला कुलूप असेल, तर पिल्लू आणूच नका. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर दोन-तीन तासांनी, शिवाय प्रत्येक झोपेनंतर, खाण्यानंतर आणि खेळानंतर शी-शूसाठी न्यावं लागतं. रात्रीही एकदा तरी उठावं लागतं. लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात; रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे लसी पूर्ण होईपर्यंत, जिथे इतर कुत्री फिरतात अशा जमिनीवर पिल्लाला सोडता येत नाही. म्हणजे सुरुवातीचे दोन महिने सगळी घाण घरातच, आणि पुसायचीही तुम्हीच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी देत असेल तर घेऊ नका. किती जोरात चावल्यावर समोरच्याला लागतं, हे ते भावंडांशी खेळताना शिकत असतं.

अशा घरासाठी दोन वर्षांपुढचा देशी कुत्रा दत्तक घेणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्याचा स्वभाव आधीच दिसतो. पण मोठ्या कुत्र्यालाही रोज पाच-सहा तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये. तो रडतो, दाराची चौकट कुरतडतो, शेजारी तक्रार करतात. लोक याला खोडी म्हणतात, पण बहुतेक वेळा ती भीती किंवा कंटाळा असतो. दुपारी फेरी मारणारा माणूस आधी शोधा, कुत्रा नंतर.

नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात हस्की किंवा सेंट बर्नार्ड यांसारखी थंड प्रदेशातली दाट केसांची जात आणणं हा त्या जिवावर अन्याय आहे. पगचं नाक इतकं आखूड असतं की धापा टाकूनही त्याचं अंग नीट थंड होत नाही. उन्हात नेण्याआधी हाताचा मागचा भाग सात सेकंद डांबरावर ठेवा. चटका बसला तर फिरणं रद्द.

खर्चाचा अंदाजही तालमीतच घ्या. वीस किलोच्या कुत्र्याला रोज अडीचशे-तीनशे ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला आठ-नऊ किलो. नुसत्या दूध-पोळीवर त्याला पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत. जवळच्या पशुवैद्याकडे जाऊन वर्षभराच्या लसी, जंतनाशक, गोचिडांचं औषध आणि नसबंदी यांचे दर विचारा. बेरीज करून महिन्याचा वाटा काढा आणि तेवढे पैसे तीन महिने बाजूला टाकून बघा. ही रक्कम आजारपणासाठी राखून ठेवायची. गोचीडताप आला की रक्ततपासण्या, सलाइन आणि बहुधा चार आठवड्यांच्या गोळ्या लागतात.

भाड्याचं घर असेल तर करार वाचा. पाळीव प्राण्यांबद्दल अट असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. सोसायटीला ठराव करून कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. महापालिकेचा परवाना मात्र काढावा लागतो, आणि त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो.

घरात दमा किंवा ॲलर्जी असलेलं कुणी असेल, तर कुत्रा असलेल्या ओळखीच्या घरी वेगवेगळ्या दिवशी तास-दोन तास बसून या. गणपतीला गावी जाताना कुत्रा कुणाकडे ठेवणार, अशी दोन नावं लिहा आणि त्या दोघांना आजच विचारा. हो म्हणणारं एकही नाव मिळालं नाही, तर सध्या एखाद्या शेल्टरमधल्या कुत्र्याचं महिनाभर तात्पुरतं पालकत्व घ्या. औषधपाण्याचा खर्च कोण करणार, तेवढं मात्र आधी ठरवून घ्या.