तलावात उतरताना शिसं किती बांधायचं? स्कूबा हार्नेसवर वजन बसवण्याची रीत

आमच्या पट्ट्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, स्कूबाची टाकी पाठीला लावून पाण्यात उतरणारी माणसं मोजकीच. बहुतेक शोध-बचाव पथकातली, काही हौशी. शिकून येतात ती समुद्रावरून, तारकर्ली-मालवणहून. तिथं प्रशिक्षक सांगतो, "खाली जायला तुला सात किलो शिसं लागतं," आणि हा आकडा आपण जन्मपत्रिकेसारखा जपून घरी आणतो. चूक तिथंच होते. ते सात किलो त्या पाण्याचे, त्या सूटचे आणि त्या टाकीचे असतात. पाणी बदललं की हिशेब नव्यानं मांडावा लागतो.

माझं तसंच झालं. समुद्रात सात किलो लागायचं. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात पहिल्यांदा उतरताना आणखी एक किलो चढवलं, म्हटलं खाली नीट जाता यावं. काठावर जाळं विणत बसलेले ढीवर काका म्हणाले, "एवढं शिसं कायले बांधून रायला बाप्पा? खाली मांडीएवढा गाळ आहे." मी ऐकलं नाही. साडेतीन मीटरवर पाय टेकले ते टेकलेच नाहीत, गुडघ्यापर्यंत आत गेले. क्षणात पाणी चहासारखं झालं आणि मनगटावरचा गेजही दिसेना. जोडीदाराने हात धरला म्हणून वर आलो. हा लेख त्या दिवसापासून मनात आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे वाचून कोणी प्रशिक्षणाशिवाय टाकी लावू नये आणि एकट्यानं पाण्यात जाऊ नये. ज्यांनी रीतसर कोर्स केला आहे आणि ज्यांना आता गोड्या, गढूळ पाण्यात काम करायचं आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

गोड्या पाण्याचा हिशेब

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणून ते आपल्याला जास्त उचलतं. तलावात तेवढा आधार मिळत नाही, त्यामुळे शिसं कमी लागतं. किती कमी? तुमचं वजन, टाकी, हवा भरून फुगवायचं जॅकेट, सूट, शिसं, सगळ्याची बेरीज करा आणि तिचे अडीच टक्के काढा. बेरीज ९० किलो आली तर सव्वादोन किलो. म्हणजे समुद्रातल्या सातमधून सव्वादोन वजा करायचे आणि पावणेपाचाच्या आसपास सुरुवात करायची. मी आठ घेऊन गेलो होतो, म्हणजे सव्वातीन किलो फालतू.

"थोडं जास्त असलं तर काय बिघडतं? जॅकेटमध्ये हवा भरू," असं पुष्कळजण म्हणतात. बिघडतं ते असं. सव्वातीन किलो जास्तीचं शिसं तोलायला जॅकेटमध्ये सव्वातीन लिटर जास्तीची हवा लागते. ५ मीटरवर दाब दीडपट असतो. तिथून वर येताना तीच हवा फुगत पावणेपाच लिटरच्या पुढे जाते. म्हणजे वर येता येता दीड किलोहून जास्त उचल आपोआप वाढते आणि माणूस बुचासारखा वर फेकला जातो. श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसाला इजा होते. खोल समुद्रातच जपावं लागतं, आपला तलाव तर उथळ, असं समजू नका. हवा सगळ्यात झपाट्यानं फुगते ती वरच्या १० मीटरमध्येच, आणि आपले बहुतेक तलाव त्याच्या आतलेच.

सामान एकेक करून तोला

सूटपासून सुरुवात करा. निओप्रीनमध्ये, म्हणजे सूटच्या रबरी कापडात, हवेचे बारीक बुडबुडे असतात, तो वर ओढतो. किती ओढतो हे घरी काढता येतं. प्लॅस्टिकच्या मोठ्या ड्रममध्ये पाणी भरा, सूट जाळीच्या पिशवीत घाला, पाण्याखाली दाबून चुरगाळत त्यातली अडकलेली हवा काढा. मग पिशवीत शिशाच्या वड्या टाकत जा, ती हळूच बुडेपर्यंत. माझा ३ मिलिमीटरचा सूट दीड किलो शिशानं बुडाला. ५ मिलिमीटरचा घातला की आकडा बराच वाढतो, आणि पौष-माघात पाणी गार असल्यामुळे तोच घालावा लागतो. म्हणून उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं वजन एक नसतं. हा प्रयोग जनावरं पाणी पितात त्या हौदात करू नका. शिसं विषारी आहे. ड्रम वेगळा ठेवा आणि हात साबणानं धुवा.

पुढे टाकी. आपल्याकडे सर्रास मिळते ती ११ लिटरची ॲल्युमिनियमची. भरलेली असताना ती एक किलोच्या आसपास खाली ओढते, आणि रिकामी झाली की दीड किलोच्या आसपास वर ओढू लागते. कारण आत हवा भरलेली असते आणि हवेलाही वजन असतं. २०० बारला (बार म्हणजे दाबाचं एकक) भरलेल्या या टाकीत अडीच किलोहून थोडी जास्तच हवा मावते. शिसं ठरवायचं ते शेवटच्या, जवळजवळ रिकाम्या टाकीच्या हिशेबानं. सुरुवातीला थोडं जड वाटणार, वाटू द्या. पोलादी टाकी मात्र रिकामी झाल्यावरही सहसा तरंगत नाही, तिच्यासोबत शिसं बरंच कमी करावं लागतं.

टाकी पाठीला धरून ठेवणारे हार्नेस दोन प्रकारचे. एक जाड जॅकेट, ज्याच्या कमरेला वजनाचे खिसे असतात. दुसरा पाठीवर धातूची पाटी आणि अखंड पट्टा असलेला. जॅकेटचा फोम थोडा तरंगतो. पोलादी पाटी अडीच-तीन किलोची असते, म्हणजे तेवढं वजन पाठीवर आधीच बसलेलं. ती असेल तर पातळ सूटवर तलावात शिसं अगदी थोडं लागतं, काहींना लागतच नाही.

आधी हार्नेस अंगाला, मग शिसं

सूट घालून हार्नेस चढवा. खांद्याच्या पट्ट्याखालून हात सहज सरकला पाहिजे. कमरेचा पट्टा मात्र घट्ट, कारण पाण्यात सूट दबतो आणि पट्टा सैल पडतो. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तो टाकी डोक्याकडे सरकू देत नाही.

वजनाचा पट्टा वेगळा बांधत असाल तर तो सगळ्यात शेवटी, मांड्यांमधल्या पट्ट्याच्या वरून बांधा. आधी बांधला तर बक्कल उघडूनही शिसं त्या पट्ट्यात अडकून राहतं, आणि ते नेमकं पडायला हवं तेव्हा पडत नाही.

पट्ट्यावर वड्या ओवायची एक पद्धत आहे. प्रत्येक वडीला दोन चिरा असतात. पट्टा पहिल्या चिरेतून घ्या, मध्ये एक पीळ द्या, मग दुसऱ्या चिरेतून बाहेर काढा. पीळ दिला की वडी जागची हलत नाही. पीळ न देता ओवलेल्या वड्या पोहताना घसरत एका कुशीला जमतात आणि माणूस कलतो. डाव्या-उजव्या बाजूला सारखं वजन ठेवा, कण्यावर वडी नको, टाकी टोचते. बक्कल उजव्या हातानं एका झटक्यात उघडलं पाहिजे, आणि पट्ट्याचं मोकळं टोक वीतभर राहिलं की पुरे. लांब शेपूट पाण्याखालच्या जाळ्यात गुंतते. आपल्या तलावांत टाकून दिलेली नायलॉनची जाळी ठिकठिकाणी असते आणि गोसीखुर्द धरणाच्या बुडित क्षेत्रात तर उभी झाडं आहेत.

सगळं वजन एका जागी ठेवू नका. काही भाग झटकन टाकता येईल असा, पट्ट्यावर किंवा ओढून निघणाऱ्या खिशात. बाकीचा पक्का, टाकीच्या पट्ट्यावर किंवा पाठीच्या छोट्या खिशांत. सगळंच एकदम सुटलं तर पुन्हा तेच बुचासारखं वर फेकलं जाणं.

जुन्या बॅटरीतलं शिसं घरी वितळवून वड्या पाडायचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. तो ऐकू नका. त्याचा धूर मुलाबाळांच्या अंगात जातो. रंग किंवा प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या तयार वड्या घ्या, एक किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या जास्त, म्हणजे बारीक फेरफार करता येतो. दगड, लोखंडी सळ्या, नांगराचे तुकडे यांतलं काहीही खिशात भरू नका.

पाण्यातली परीक्षा

पाय टेकणार नाहीत एवढ्या पाण्यात जोडीदारासोबत जा. दोरी धरून काठावर तिसरा माणूस असू द्या. टाकीची नळी तोंडात धरा, जॅकेट पूर्ण रिकामं करा. सूटमध्ये अडकलेली हवा गळ्याजवळून बाहेर काढा. पाय एकावर एक ठेवून स्थिर व्हा, कारण घाबरलेला माणूस नकळत पाय मारत राहतो आणि वजन बरोबर आहे असं समजतो. साधा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. मग श्वास सोडा, हळूहळू डोकं बुडायला लागलं की जमलं.

थांबलेल्या श्वासातच डोकं बुडालं तर अर्धा किलो काढा. श्वास सोडूनही हनुवटी वर राहिली तर अर्धा किलो घाला. ही परीक्षा टाकी भरलेली असताना केली असेल तर वर दोन किलो मिळवा, कारण २०० बारपासून ५० बारपर्यंत येता येता साधारण तेवढी हवा संपते.

खरी परीक्षा शेवटची. टाकीत ५० बार उरले असताना ३ ते ५ मीटरवर जॅकेट जवळपास रिकामं करून, साधा श्वास घेत जागेवर थांबता आलं पाहिजे. वर जात असाल तर कमी आहे, खाली जात असाल तर जास्त.

जॅकेटच्या खिशात शिसं ठेवत असाल तर आणखी एक पडताळणी करा. अंगावरून सगळं काढून, भरलेली टाकी आणि शिसं तसंच ठेवून, जॅकेट फुगवा आणि पाण्यावर सोडा. ते स्वतः तरंगलं पाहिजे. बुडत असेल तर खिशातलं थोडं वजन कमरेच्या वेगळ्या पट्ट्यावर घ्या.

आडवं राहता आलं पाहिजे

आमच्या पाण्यात सगळ्यात महत्त्वाचं हेच. शिसं किलोनं बरोबर असलं, पण सगळं कमरेला असलं, तर पाय खाली लोंबतात. हे मामा तलाव कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या धानाच्या ओलितासाठी बांधले. त्यांत शेतातली माती येऊन येऊन तळाला पिठासारखा गाळ साचला आहे. लोंबणाऱ्या पायाचा एक फटका आणि पुढचा अर्धा तास काही दिसत नाही. ज्याला शोधायला आलो तो हाताशी असला तरी दिसत नाही.

पाण्यात आडवे व्हा आणि हालचाल थांबवा. पाय बुडत असतील तर वजन वर सरकवा, एक-एक किलोच्या दोन वड्या कमरेवरून काढून टाकीच्या वरच्या पट्ट्यावर. टाकी दोन-तीन बोटं डोक्याकडे सरकवली तरी फरक पडतो. डोकं खाली जात असेल तर उलट करा. पायांची झापडं जड आहेत का तेही बघा, रबरी जड झापडं पाय ओढतात. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. मला जमायला चार फेऱ्या लागल्या, आता गाळापासून हातभर उंचीवर ढवळ न करता थांबता येतं.

प्रत्येक बुडीनंतर काठावरच वहीत लिहा: कोणता तलाव, कोणता सूट, कोणती टाकी, किती किलो, कुठं कुठं बसवलं, शेवटी किती बार उरले. माझ्या वहीत ३ मिलिमीटर सूटच्या ओळीला साडेचार किलो आहे, त्यातलं दीड टाकीच्या पट्ट्यावर. ५ मिलिमीटरची ओळ खाली वेगळी आहे, आणि पोलादी टाकी मिळाली त्या दिवसाची तिसरी. रात्री-बेरात्री फोन येतो तेव्हा ती वही हार्नेसच्या पिशवीतच लागते.