कारच्या कामाचा घरगुती टूल ट्रॉली ट्रे: या चुका टाळा

घरी बनवलेला ट्रे बिघडतो तो बहुधा खालून. वरचा पत्रा कितीही देखणा असला तरी चाक फरशीच्या सांध्यात अडकलं की हिसका बसतो, आणि दहा नंबरचा सॉकेट नेमका गाडीखाली सर्वांत लांब जाऊन पडतो. म्हणून इथे जास्त शब्द चाकांवर खर्च केले आहेत, पत्र्यावर कमी.

माप धरलंय 600 × 400 मिमी, दोन मजली, वरचा ट्रे जमिनीपासून साधारण 710 मिमी. उभ्याने बॉनेटचं काम करताना आणि स्टुलावर बसून ब्रेक उघडताना, दोन्हीला ही उंची चालते.

चाकं लहान घेणं

दोन इंची कॅस्टर (सगळीकडे वळणारी ट्रॉलीची चाकं) स्वस्त मिळतात आणि शोरूमच्या टाइल्सवर छान पळतात. आपल्याकडे पोर्चमध्ये शहाबादी फरशी, तिचे सांधे उखडलेले, पुढे दोन पावलांवर मुरूम. तिथे दोन इंची चाक सांध्यात उतरतं आणि ट्रे तोंडावर येतो. बैलगाडीचं चाक मोठं का असतं, तेच इथे लागू. चार इंची घ्या. तीन इंचाच्या खाली जाऊ नका.

साधं रबर ऑइल-डिझेलने फुगतं, मऊ पडतं. नायलॉन तेलाला दाद देत नाही, पण गुळगुळीत फरशीवर घसरतं आणि खडखडाट करतं. पीयूचं (पॉलियुरेथेनचं) चाक या कामाला सर्वांत बरं.

वजनाचा हिशेब चारने भागून करू नका. जमीन समतल नसली की एक चाक अधांतरी राहतं, भार तिघांवर येतो. ट्रे 16 किलोच्या आसपास, हत्यारं 30 किलो, म्हणजे 46 भागिले 3, चाकामागे 15 किलोच्या वर. सांध्यातले धक्के धरून प्रत्येकी 40-50 किलो क्षमतेचं चाक घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक भागाकडच्या भंगारात जुनी कंपनी-ट्रॉलीची चाकं मिळाली तर सोनंच, फक्त फोर्क (चाक धरणारा लोखंडी चिमटा) हाताने हलवून बघा. खुळखुळ वाजत असेल तर तिथेच ठेवा.

ब्रेकची एक गोची असते. बऱ्याच कॅस्टरचा ब्रेक फक्त चाक अडवतो, फोर्क मोकळाच राहतो. मग ब्रेक दाबूनही पाना ओढला की ट्रे जागच्या जागी गरकन वळतो. चाक आणि फोर्क दोन्ही अडवणारे दोन कॅस्टर घ्या आणि ते एकाच बाजूला लावा. पाणी निघावं म्हणून पोर्चला उतार दिलेला असतोच, तेव्हा ब्रेकवाली बाजू उताराकडे ठेवा.

कॅस्टर थेट वेल्ड करणं

ही चूक सर्रास होते. वेल्डिंगच्या उष्णतेने ग्रीस जळतं, वरच्या छर्‍यांची चाल जाते, आणि चाक आठवडाभरात करकरायला लागतं. शिवाय बदलायचं तर ग्राइंडर आला. पायाला 5 मिमीची प्लेट वेल्ड करा आणि तिला कॅस्टर 8 मिमीच्या चार बोल्टांनी, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) लावून कसा.

इथेही लोक फसतात. प्लेट आधी वेल्ड होते, मग कॅस्टर आणला जातो, तेव्हा कळतं की भोक पाइपाला इतकं खेटलंय की 13 चा पाना बसत नाही. आधी कॅस्टर घ्या, त्याची प्लेट ठेवून भोकं मार्क करा, पाडा, मगच पाय मधोमध वेल्ड करा. खालची आडवी पट्टी पायाच्या टोकापासून 60-70 मिमी वर ठेवा, म्हणजे पान्याला जागा राहते. प्लेट थोडी बाहेर येते, त्याने पाया रुंदच होतो. फोर्क आत वळला की चाक जमिनीला इंचभर आत टेकतं, ते इथे भरून निघतं.

पाइप नावावर घेणं

25 × 25 मिमीचा चौकोनी पाइप 16 गेज, म्हणजे 1.6 मिमी जाडीचा हवा. दुकानात सोळा म्हणून अठरा गळ्यात पडतो. जाडी मोजायला कॅलिपर नसेल तर वजनकाटा पुरे: 6 मीटरची लांबी 7 किलोच्या आसपास भरायला हवी. साडेपाचच भरली तर तो 1.2 मिमीचा आहे. त्यावर वेल्डिंगचा रॉड टेकला की भोक.

एका लांबीत सगळं बसतं, पण जेमतेम. 580 मिमीचे 4 पाय, 550 मिमीच्या 4 आणि 350 मिमीच्या 4 पट्ट्या: बेरीज 5.92 मीटर. कटरची चकती दर कापाला सुमारे 3 मिमी खाते, बारा कापांचे 36 मिमी. उरतात चाळीस-एक मिमी. एक काप चुकला की दुसरी लांबी आणावी लागते, म्हणून लांब तुकडे आधी कापा आणि कापण्यापूर्वी लांबी टेपने मोजून घ्या.

वेल्डिंग

2.5 मिमीचा रॉड, 60 ते 80 अँपिअर. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की रॉड चिकटतो, लोक अँपिअर वाढवतात आणि मग पाइप जळतो. सकाळी काम करा, सोपं आहे. आधी सगळीकडे फक्त टाके मारा, गुण्या लावा, दोन्ही कर्ण मोजा. 2 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर हातोडीने जुळवून घ्या, मगच पक्कं करा.

पत्रा (सीआर म्हणजे कोल्ड रोल्ड, 1.2 मिमी) फ्रेमला सलग वेल्ड केला की मधून पापडासारखा फुगतो. दर 100-120 मिमीवर 20 मिमीचा टाका, एकदा या बाजूला, एकदा समोरच्या. खालच्या पत्र्याच्या कोपऱ्यांत पायांसाठी 26 मिमीच्या खाचा कडा दुमडण्याआधी कापा; नंतर कातरी चालत नाही. वरच्याची कड 30 मिमी ठेवा. 15 ची ठेवली तर सॉकेट उडी मारतो, 60 ची ठेवली तर बोटं सोलतात.

जीआय (जस्त चढवलेला) पत्रा स्वस्तात हाती आला म्हणून वेल्ड करू नका. जळत्या जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. वापरायचाच तर जोडाची जागा घासून घ्या आणि उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन बसा.

डगमगतोय? आधी दोष शोधा

ट्रे हलतोय म्हणून लगेच पाय कापायला घेऊ नका. अधांतरी पायावर खडूची खूण करा, ट्रे जागेवरच पाव फेरा वळवा. तोच पाय पुन्हा हवेत असेल तर दोष फ्रेममध्ये आहे. दुसरा पाय उचलला तर फरशीत. फ्रेमचा दोष असेल तर त्या कॅस्टरच्या प्लेटमध्ये 1-1 मिमीचे वॉशर टाकत जा, टेकेपर्यंत.

एका बाजूला ओढत असेल तर चाकाच्या आसात बघा. सुतळी, केस, सिमेंटच्या गोणीचे धागे गुंडाळलेले असतात. कापून काढा, थेंबभर ऑइल सोडा.

उलटायला बघत असेल तर जड हत्यारं वर गेली आहेत. हातोडे, टॉर्क रेंच, ब्रेकर बार खालच्या मजल्यावर, वर फक्त हातातलं. गिअरबॉक्स यावर ठेवायचा नाही, आणि गाडीला टेकू म्हणून तर मुळीच नाही. त्याला जॅक स्टँडच हवेत.

रंग आणि वरचा थर

नव्या पाइपावर तेलाचा थर असतो. थिनरने पुसल्याशिवाय रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मारलं तर सालपटं निघतात. नुसतं रेड ऑक्साइड हा शेवटचा रंग नव्हे, वर इनॅमलचे दोन हात हवेतच. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या लोखंडावर ब्रश फिरवला की रंगाला फोड येतात. सावलीत, सकाळी मारा.

ब्रेक ऑइल सांडलं तर इनॅमल सुटून येतो. वरच्या ट्रेवर 3 मिमीची नायट्राइल रबर शीट अंथरा; इंजिन ऑइल-डिझेलला ती दाद देत नाही, ब्रेक ऑइल मात्र तिलाही फुगवतं. फोम तेल पितो आणि वास सोडतो. शीटमुळे पाने घसरत नाहीत. तरी ट्रे बॅटरीला खेटून उभा करू नका. पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर लालबुंद होतो.

पाइपांची उघडी टोकं प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद करा. ट्रे पावसाळ्यात बाहेर राहणार असेल तर पायाखालच्या प्लेटमध्ये पाइपाच्या आतल्या भागात 6 मिमीचं भोक पाडा, आणि ते वेल्डिंगच्या आधीच.