आधी विचारा, लागलं कोणाला?

२००३ साल, इराकचं युद्ध चालू होतं आणि मी वर्तमानपत्रात रात्रपाळीला होतो. वाणिज्य पानावरून नुकत्याच आलेल्या एका पोराने एजन्सीच्या बातमीतल्या 'कोलॅटरल डॅमेज'चं भाषांतर केलं होतं, 'तारणाचे नुकसान'. बँकेच्या इंग्रजीत कोलॅटरल म्हणजे तारणच, त्यामुळे त्याला तरी काय बोलणार! पण बातमी बाँबहल्ल्यात मेलेल्या नागरिकांची होती. पान सुटायला दहा मिनिटं असताना नजरेस पडलं, म्हणून वाचलो.

तेव्हापासून नव्या मुलांना सांगत आलोय. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं काही इंग्रजीत लिहायचं असेल तर डिक्शनरी नंतर उघडा. आधी विचारा, लागलं कोणाला?

करणाऱ्याच्याच अंगाशी आलं, तर बॅकफायर. गॅरेजवाले 'गाडी बॅकफायर मारतेय' म्हणतात, तोच हा शब्द. 'द प्लॅन बॅकफायर्ड' किंवा 'बॅकफायर्ड ऑन हिम' असं लिहा. 'ही बॅकफायर्ड द प्लॅन' हे चूक.

सुक्याबरोबर ओलंही जळलं, तर कोलॅटरल डॅमेज. शेवटी 'एस' नको. डॅमेजेस म्हणजे कोर्टात मागतात ती भरपाई. शब्द लष्करी आहे आणि मेलेल्यांवर पांघरूण घालायला सोयीचा आहे. मराठीत मी सरळ 'नागरिक मारले गेले' लिहितो. ऑफिसातल्या भांडणाबद्दल थट्टेने म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

साइड इफेक्टची गंमत वेगळी. सर्दीची गोळी घेतली की झोप येते, हे डॉक्टरला आणि आपल्याला आधीच ठाऊक असतं. म्हणजे हेतू नसतो, अंदाज मात्र असतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३६ च्या निबंधात कृतीच्या भलत्या परिणामांना 'अनअँटिसिपेटेड' म्हटलं होतं, अनपेक्षित. आज सगळे 'अनइंटेंडेड' म्हणतात, म्हणजे हेतू नसलेले. दोन्ही एकच समजून वापरू नका.

फॉलआउट दूरवर आणि मागाहून पडतो. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर काही तासांनी पांढरी राख पडू लागली. बोटीवरचे २३ जण आजारी पडले. ती राख म्हणजे फॉलआउट. राजीनाम्याचे, घोटाळ्याचे पडसाद उमटतात तिथे हाच शब्द चालतो. मात्र जोडून लिहा. 'फॉल आउट' तोडलंत की दोघांचं बिनसलं असा अर्थ होतो.

आणि कोब्रा इफेक्ट. हे नाव जर्मन अर्थतज्ज्ञ होर्स्ट झीबर्ट यांच्या २००१ च्या पुस्तकामुळे रूढ झालं. दिल्लीत नाग मारायला बक्षीस लावलं आणि लोक नाग पाळू लागले, ही त्यामागची गोष्ट. तिला कागदोपत्री आधार नाही. व्हिएतनाममधल्या हनोईची मात्र खरी आहे. १९०२ मध्ये फ्रेंचांनी तिथे उंदराच्या शेपटीमागे पैसे लावले, तर लोक शेपट्या कापून उंदीर सोडून देऊ लागले, पैदास चालू राहावी म्हणून. तेव्हा बक्षिसानेच दुखणं वाढवलं असेल, तरच हा शब्द.

आमच्याकडे गावोगावच्या वार्ताहरांना छापून आलेल्या मजकुराच्या सेंटिमीटरवर मानधन मिळायचं. चार ओळींच्या शोकसभेला 'यावेळी उपस्थित होते' म्हणून पंचवीस नावं यायची. एकदा तर मांडववाल्याचंही होतं.