गावातल्या घरी फ्रॉगफिश आणण्यापूर्वीची तयारी

विदर्भातल्या गावात समुद्री फ्रॉगफिश, म्हणजे कपाळावरचा गळ हलवून भक्ष्य पकडणारा अँगलरफिशच्या गणातला मासा, पाळायचा असेल, तर तयारीला दिवाळी आटोपताच लागावे आणि मासा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत घरी आणावा. टाकी मुरायला, म्हणजे माशाची घाण पचवणारे जिवाणू तिच्यात वाढायला, चार ते सहा आठवडे लागतातच. शिवाय थंडीच्या प्रवासात पिशवीतले पाणी तापत नाही, आणि एप्रिल उजाडेपर्यंत मासा स्थिरावून आपलाही हात बसलेला असतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा टाकीतले पाणी २६ अंशांच्या आसपास राखण्याची सोय आपल्याकडे आहे का, या प्रश्नाचे उत्तर पैसे खर्च करण्याआधी द्यावे. उत्तर नकारार्थी असेल तर हा मासा आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी बाब म्हणजे नेमका कोणता मासा आणायचा आहे हे ठरवणे. अँगलरफिश म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कपाळावर दिवा लोंबणारा, सुयांसारख्या दातांचा काळा मासा येतो. तो खोल समुद्रातला असून काळोख, थंडी आणि प्रचंड दाब यांतच जगतो. त्याच्या गळाचा उजेडही त्यात राहणाऱ्या जिवाणूंचा असतो. २०२५ च्या सुरुवातीला स्पेनच्या टेनेरिफ बेटाजवळ असा एक मासा पृष्ठभागाशी दिसला, पण तो थोड्याच वेळात दगावला. घरच्या टाकीत त्याचा विचारही करू नये. दुकानात मिळतो तो त्याच गणातला, पण उथळ समुद्रात खडक आणि स्पंज यांच्या आडोशाने राहणारा फ्रॉगफिश. त्याचा गळ चमकत नाही, पण हलवण्याची कला तीच आहे.

फ्रॉगफिश ओळखताना रंगावर मुळीच विसंबू नये, कारण हा मासा आसपासच्या स्पंजाशी किंवा खडकाशी जुळवून घेत काही आठवड्यांत पिवळ्याचा काळा किंवा तांबडा होऊ शकतो. पाहायच्या त्या खुणा वेगळ्या आहेत. अंग गोळ्यासारखे फुगीर असते, तोंड वरच्या बाजूला उघडते, छातीचे पर कोपरातून वाकलेल्या हातांसारखे असून मासा त्यांच्यावर टेकून बसतो किंवा पावले टाकत सरकतो, आणि कल्ल्याचे छिद्र नेहमीच्या माशासारखे गालाशी न दिसता त्या हातासारख्या परामागे लहानशा गोल भोकाच्या रूपात असते. वरच्या ओठाच्या लगेच वर पाठीच्या पराचा पहिला काटा गळकाठी बनलेला असतो आणि त्याच्या टोकाला आमिष असते. जात ओळखण्यासाठी या आमिषाइतकी भरवशाची खूण दुकानात दुसरी मिळत नाही. पट्टेरी फ्रॉगफिशचे आमिष किड्यांच्या झुपक्यासारखे दिसते. त्याच्यासारखेच पट्टे असलेल्या आणि भारताच्या किनाऱ्यालगतही आढळणाऱ्या हिस्पिडस जातीचे आमिष मात्र लोकरीच्या गोंड्यासारखे असते. चामखिळीसारख्या उंचवट्यांच्या मॅक्युलेटस जातीचे आमिष इवल्याशा माशासारखे असून ही जात साधारण १० ते १५ सेंटीमीटरपर्यंतच वाढते, म्हणून नवख्याने हीच निवडावी. कॉमर्सोनी जात ३० सेंटीमीटरहूनही मोठी होते. तिचे पिल्लू कितीही गोजिरवाणे दिसले तरी ते सोडून द्यावे. गळकाठी कपाळावर मागे मुडपून ठेवलेली असेल तर ती चटकन दिसत नाही, आणि काही वेळा आमिष दुसऱ्या माशाने तोडलेले असते. ते बहुधा पुन्हा उगवते, त्यामुळे तेवढ्यावरून मासा नाकारू नये.

ओळखीच्या या कामात एक धोका आहे. स्टोनफिश नावाचा विषारी मासाही असाच ओबडधोबड, निश्चल आणि वर तोंड केलेला असतो. त्याला गळकाठी नसते, पण पाठीवर विषारी काटे असतात, आणि त्यांचा दंश माणसाला गंभीर इजा करतो. असा दंश झालाच तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते, आणि आपल्याकडच्या अनेक गावांपासून मोठे रुग्णालय तास-दीड तासाच्या वाटेवर आहे, हे लक्षात घेऊन ओळख पक्की झाल्याशिवाय अशा कोणत्याही माशाच्या टाकीत हात घालू नये. ‘गोड्या पाण्यातला फ्रॉगफिश’ म्हणून विकला जाणारा मासा बहुतेकदा टोडफिश असतो. तो खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातला असून त्याला गळ नसतो. ज्यांना समुद्री पाण्याचा खटाटोप झेपणार नाही, त्यांनी ईशान्य भारत, नेपाळ आणि बांगलादेशातल्या नद्यांमधला चाका नावाचा कॅटफिश विचारात घ्यावा. तो खरा अँगलर नव्हे, पण रुंद तोंडाचा, दबा धरून बसणारा आणि गोड्या पाण्यात राहणारा आहे.

टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असली तरी एका लहान जातीच्या फ्रॉगफिशला पुरते. त्यात सुमारे १२० लिटर पाणी मावते. पाणी, काच आणि दगड मिळून वजन दीड क्विंटलच्या घरात जाते, म्हणून लोखंडी स्टँड भक्कम असावा. काळ्या मातीवरच्या घरांत जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे टाकी ठेवताना पाणसळ लावून पाहावीच, पण दर ऋतू बदलताना पाण्याची कड काचेच्या वरच्या काठाशी दोन्ही बाजूंना समांतर आहे का, हेही तपासावे. जागा माजघरातली, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर आणि टिनाच्या छपराखाली नसलेली निवडावी. कवेलूचे छप्पर असल्यास उंदीर आणि धूळ यांसाठी टाकीवर जाळीदार झाकण घालावे. आत बारीक वाळू आणि गुळगुळीत कडांचे कोरडे किंवा सिरॅमिकचे दगड ठेवावेत. जिवंत प्रवाळ कोणी देऊ केले तर घेऊ नये, कारण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कठोर संरक्षण आहे, आणि समुद्रघोड्यांनाही. पंपाच्या तोंडावर स्पंज बसवावा, कारण हा मासा पोहण्यात मंद असून ओढीला सहज चिकटतो. प्रवाह मंद ठेवावा. मोठे घास आणि मोठी घाण हे या माशाचे वैशिष्ट्य असल्यामुळे प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र, टाळू नये.

पाण्याच्या बाबतीत आपल्या भागाची अडचण मोठी आहे. बोअरचे पाणी जड असते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत त्यात फ्लोराइड, तर शेतालगतच्या विहिरींत खतांचे नायट्रेट आढळते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना वाटेल की आपले पाणी मुळातच खारट आहे. पण त्या खारेपणातल्या क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याशी जुळत नाही, म्हणून ते वापरता येत नाही. सर्वांनीच आरओचे पाणी घ्यावे आणि ते टीडीएस मीटरने, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने, तपासावे. पिण्याच्या घरगुती यंत्रांत चवीसाठी कच्चे पाणी मिसळणारा कॉक असतो, तो पूर्ण बंद करून आकडा १० च्या आत येतो का ते पाहावे. गावातल्या आरओ प्लांटच्या जारमधले पाणी याच कारणाने बहुधा चालत नाही. तपासलेल्या आरओच्या पाण्यात मत्स्यालयासाठीचे समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मिसळावे, म्हणजे १२० लिटरला ४ किलोहून थोडे अधिक लागते. स्वयंपाकाचे किंवा जनावरांच्या चाटणाचे मीठ कधीही घालू नये. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ आणि सामू (पीएच) ८.१ ते ८.४ असावा. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचे, तर २४ लिटरला साधारण ८५० ग्रॅम मीठ लागते, आणि ते नागपूरहून आणायचे असल्याने दोन महिन्यांचा साठा आधीच घरात असावा.

पाणी भरल्यावर अमोनियाचा थोडा पुरवठा करून जिवाणू वाढू द्यावेत, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकेपर्यंत मासा आणण्याचा विचार करू नये.

आता ऊन आणि वीज. फ्रॉगफिशला २४ ते २६ अंश तापमान मानवते. थंडीत रात्री पारा दहाच्या खाली येतो, त्यासाठी थर्मोस्टॅट असलेला हीटर लागतो. पण खरी कसोटी मे महिन्याची. कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा झोत सोडल्यास, कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वाने पाणी काही अंश थंड होते, आणि मार्चपर्यंत एवढे पुरतेही. त्याने रोज काही लिटर पाणी उडते व मीठ मागे राहते, म्हणून काचेवर चिकटपट्टीने रेघ आखून रोज त्या रेघेपर्यंत साधे आरओचे पाणी घालावे. खारे पाणी घातले तर मीठ वाढत जाते. खोलीतच ४० अंश असतील तर पंखा पुरत नाही, चिलर म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र लागतेच. चिलर गरम हवा बाहेर टाकतो, त्यामुळे तो बंद खोलीत न ठेवता हवा बाहेर जाईल असा मांडावा. वीज जाण्याचे गणितही कागदावर करून पाहावे. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, पण भरवशाचे हजारच धरावेत. ४० वॅटचे पंप आणि पंखा त्यावर दिवसभर चालतात, तर २०० वॅटचा चिलर चार-पाच तासांत ती संपवतो. त्यामुळे चिलर थेट मुख्य विजेवर आणि पंप इन्व्हर्टरवर अशी विभागणी करावी, आणि अवकाळी वादळात गावठाणाची वीज दोन-दोन दिवस जात असेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप आणि बर्फाच्या बंद बाटल्या तयार ठेवाव्यात. बाटली पाण्यात सोडावी, बर्फ नव्हे. हा हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढतो, म्हणून त्या खोलीत डासांचा फवारा किंवा अगरबत्ती नको, आणि गावात धूरफवारणी असेल त्या दिवशी खिडक्या लावून पंप बंद ठेवावा. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने हात धुतले असले तरी टाकीला हात लावू नये.

खाद्याची तयारी हा या यादीतला सर्वांत रोचक भाग आहे. भुकेलेला फ्रॉगफिश कसा शिकार करतो ते जवळून पाहिल्यास समजते की त्याला काय आणि किती द्यायचे. डोळा प्रथम भक्ष्याकडे वळतो, मग कपाळावरची काठी पुढे येऊन आमिष थरथरू लागते, शरीर एका कणाचीही हालचाल करत नाही, आणि भक्ष्य टप्प्यात येताच तोंड एकाएकी फुगून सुमारे ६ मिलिसेकंदांत ते आत ओढले जाते. आपल्याला दिसते ते केवळ रिकामे झालेले पाणी. तो स्वतःच्या लांबीएवढा मासाही गिळू पाहतो, म्हणून त्याच्याबरोबर टाकीत दुसरा मासा ठेवू नये, त्याच्याच जातीचाही नाही. लहान जातीच्या मोठ्या माशाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, त्याच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नसलेला घास द्यावा. गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांतले झिंगे आणि बाजारातली गोड्या पाण्याची मासळी इथे सहज मिळते, पण त्यावरच वर्षभर वाढवलेल्या समुद्री माशाला योग्य पोषण मिळत नाही. मुख्य खाद्य समुद्री कोळंबी आणि समुद्री माशाचे तुकडे असावे. नागपूरच्या बाजारातून ते बर्फात आणून लहान पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवावेत, आणि वीज गेल्यावर विरघळलेली पुडी पुन्हा गोठवून न वापरता टाकून द्यावी. सुरुवातीला मासा मेलेले खात नाही, तेव्हा जिवंत खाद्यासाठी बॅरलमध्ये मॉली नावाचे लहान मासे वाढवून त्यांना हळूहळू खाऱ्या पाण्यास सरावावे. मॉली त्यात तगतात. मग पारदर्शक काडीच्या टोकाला कोळंबी लावून ती आमिषासमोर हलवत त्याला सवय लावावी. खाल्ल्यानंतर तासाभरात टाकीत हात घालू नये. घाबरला तर तो गिळलेले ओकतो आणि अमोनिया एकदम चढतो. उरलेला तुकडा त्याच संध्याकाळी काढावा.

दुकानात मासा घेताना तो आपल्यासमोर खातो का हे पाहावे. न खाणारा, पाठीवर तरंगणारा, डोळे धुरकट झालेला किंवा त्वचेवर कापसासारखे पुंजके असलेला मासा घेऊ नये. मात्र त्वचेवरची झालर आणि केस ही काही जातींची रचनाच असते, तो आजार नव्हे. मासा जाळीने पाण्याबाहेर काढू देऊ नये. तो हवा गिळतो आणि मग तरंगतच राहतो. पाण्यातच डब्यात घेऊन तोच डबा पिशवीत रिकामा करावा, आणि ती पिशवी थर्माकोलच्या डब्यात अंधारात ठेवून एसटीने किंवा गाडीने सावलीतून आणावी. दुकानातील पाण्याचे विशिष्ट गुरुत्व विचारून टाकीचे पाणी आधीच त्याला जुळवून ठेवले, तर घरी पोचल्यावर तासभर तापमान आणि पाणी जुळवणे पुरते. पहिले तीन-चार दिवस तो खाल्ल्यावाचून राहिला तरी चिंता करू नये.

घरातल्यांसाठी एक कागद टाकीजवळ चिकटवावा, कारण लग्नसराईत किंवा पेरणीच्या दिवसांत आपण घरी नसतोच. त्यावर रोज रेघेपर्यंत घालायच्या साध्या पाण्याचा कॅन कोणता, थर्मामीटरवर २७ दिसले तर पंखा आणि २८ दिसले तर चिलर कुठून चालू करायचा, वीज गेल्यास कोणता खटका पाडायचा, आणि आपण परत येईपर्यंत माशाला खायला काहीही घालायचे नाही, हे मोठ्या अक्षरात लिहावे. आठवडाभर उपाशी राहिल्याने धष्टपुष्ट फ्रॉगफिशला काही होत नाही.